उरलेल्या भाकरीचं काय करतात?

श्रोतेहो, नमस्कार.

लाल चर्च आणि व्हाइट चर्च ही दोन नावं इंदूरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला पाठ असतात. लाल चर्च म्हणजे रोमन कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस कॅथेड्रल. व्हाइट चर्च म्हणजे सेंट अ‍ॅन्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचं. दोन्हीकडे वेदीवर भाकर मोडली जाते, द्राक्षरसाचा प्याला उचलला जातो आणि येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री म्हटलेले शब्द उच्चारले जातात : "हे माझे शरीर आहे." तरी लाल चर्चमधला माणूस व्हाइट चर्चमध्ये जाऊन ती भाकर घेत नाही, आणि व्हाइट चर्चमधल्या माणसाला लाल चर्चमध्ये ती एरवी दिली जात नाही. ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर असतो का, असला तर कसा, यावर ख्रिस्ती लोकांचं हजारेक वर्षं एकमत झालेलं नाही.

हा वाद एका वाक्यात उरकण्याची पद्धत आहे : कॅथलिक अक्षरशः मानतात, प्रोटेस्टंट प्रतीक मानतात. हे वाक्य दोन्ही बाजूंवर अन्याय करतं. एखादी मंडळी काय मानते हे जाणून घ्यायचं असेल, तर उपासना संपल्यावर उरलेल्या भाकरीचं ती काय करते ते पाहावं. तिथे श्रद्धा हातांच्या कृतीत दिसते.

आधी कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाची ही उपासना, घेऊ. तिथली भाकर म्हणजे 'होस्ट' नावाची पातळ पांढरी चकती. त्यात फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. लॅटिन विधीत, म्हणजे रोमच्या मुख्य परंपरेत, यीस्ट नाही, मीठ नाही, साखर नाही. तांदळाची चकती किंवा ज्वारीची भाकरी वापरली तर संस्कार होतच नाही, असा नियम आहे. ज्यांना ग्लूटेन सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लूटेनचे होस्ट चालतात, मात्र ग्लूटेन पूर्ण काढून टाकलेले चालत नाहीत. वाइन द्राक्षांचीच हवी, आंबून व्हिनेगर झालेली नको, आणि प्याल्यात तिच्याबरोबर थोडं पाणी मिसळतात. घेणाऱ्याने आधी एक तास उपास करायचा. पाणी आणि औषध चालतं.

फादरांनी ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की कॅथलिक श्रद्धेनुसार ती भाकर भाकर राहत नाही. म्हणून उरलेले होस्ट डब्यात परत जात नाहीत. ते टॅबरनॅकल नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात, शेजारी दिवा सतत तेवत असतो, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्यांना तिथूनच नेऊन देतात. प्याल्यातलं उरलेलं मात्र तिथेच पिऊन संपवायचं असतं. वाटताना होस्ट खाली पडला तर आदराने उचलतात. प्याला सांडला तर ती जागा पाण्याने धुतात आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओततात. हे एक खास कुंड असतं. त्याची नळी गटाराला न जोडता थेट जमिनीत सोडलेली असते.

एक चूक अशी की, प्याल्यात वाइनऐवजी नुसतं पाणीच ओतलं गेलं आणि फादरांना ते घोट घेताना कळलं. मग काय? मिस्साच्या नियमावलीत याचं उत्तर आहे. पाणी बाजूला काढायचं, वाइन व थोडं पाणी ओतायचं, आणि प्याल्यापुरतेच शब्द पुन्हा म्हणायचे. भाकरीवरचे पुन्हा म्हणायची गरज नाही. दुसरी अडचण दमट हवेची. पावसाळ्यात होस्ट फार दिवस ठेवले तर बुरशी धरतात, म्हणून ते वरचेवर बदलावे लागतात. भाकरीचं भाकरीपण टिकून असेपर्यंतच ख्रिस्ताची उपस्थिती, असं कॅथलिक शिकवण सांगते. होस्ट पाण्यात पूर्ण विरघळला की ती उपस्थिती संपते. खराब झालेला होस्ट आधी पाण्यात विरघळवून मगच सॅक्रेरियममध्ये ओततात तो यासाठीच.

याच नियमावरून लक्षात येईल की रोमची शिकवण ढोबळ अर्थाने 'अक्षरशः' नाही. ढोबळ अर्थ घ्यायचा तर तो अकराव्या शतकात सापडतो. फ्रान्समधल्या तूरचा बेरेंगार हा विद्वान भाकरीत असा बदल होतो हे मानत नव्हता. १०५९ मध्ये रोममध्ये त्याच्याकडून शपथ वदवून घेतली गेली, की ख्रिस्ताचं शरीर खरोखर धर्मगुरूंच्या हातांनी मोडलं जातं आणि श्रद्धावंतांच्या दातांनी चावलं जातं. ही भाषा पुढे कॅथलिक विचारवंतांनाच पेलेना. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, 'द्रव्यांतर' हा सिद्धांत मांडला, आणि त्याच शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याची बारकाईने उकल केली : भाकरीचं द्रव्य बदलतं, रंग, चव, आकार, वजन हे गुण तसेच राहतात. दात चावतात ते या गुणांना, ख्रिस्ताच्या शरीराला नव्हे. ख्रिस्त तिथे आहे, पण एखादी वस्तू जागा व्यापून असते तसा नाही.

वैशेषिक दर्शन वाचलेल्यांना इथली खरी अडचण लगेच जाणवेल. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, असं आपल्याकडेही शिकवतात. मग भाकरीचं द्रव्य गेल्यावर तिचा पांढरेपणा कशाच्या आधाराने राहिला? अक्वायनसचं उत्तर असं की, ईश्वर आपल्या सामर्थ्याने ते गुण द्रव्याशिवाय टिकवतो. पटो वा न पटो, प्रश्न टाळलेला नाही. त्याच्या मांडणीची ताकद आम्हाला यातच दिसते.

आता प्रोटेस्टंट बाजू. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, जर्मनीतला लूथर आणि स्वित्झर्लंडमधला झ्विंगली, समोरासमोर बसले. हेसे या जर्मन प्रांताचा शासक फिलिप याला दोघांच्या गटांची राजकीय युती हवी होती. लूथरने खडूने मेजावर लॅटिनमध्ये लिहिलं, 'हे माझे शरीर आहे', आणि तो त्या वाक्यावरून तसूभर हलेना. झ्विंगलीचं म्हणणं असं की ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्तच देहाचा काही उपयोग नाही असं म्हणतो. तेव्हा 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. शेवटी १५ कलमं लिहिली गेली. १४ वर एकमत झालं, पंधराव्यात एवढाच मुद्दा अडला, आणि युती बारगळली. म्हणजे रोमपासून फुटलेला लूथर या एका प्रश्नावर झ्विंगलीपेक्षा रोमच्या जवळ होता. भाकर भाकरच राहते, पण तिच्यात, तिच्यासह आणि तिच्याखाली ख्रिस्ताचं शरीर खरोखर दिलं जातं, ही लूथरन शिकवण. आपल्या मध्य प्रदेशातल्या लूथरन मंडळीचं मुख्य ठाणं छिंदवाड्याला आहे. लूथरनांच्या मते ही उपस्थिती भोजनाच्या कृतीपुरती असते. म्हणून भाकर पेटीत ठेवून तिची आराधना ते करत नाहीत.

कॅल्विन हा तिसरा प्रोटेस्टंट पुढारी या दोघांच्या मधला. शरीर स्वर्गातच आहे, पण पवित्र आत्मा श्रद्धावंताला त्याच्याशी खरोखर जोडतो, त्यामुळे भाकर ही खूण असली तरी रिकामी खूण नाही. इंदूरच्या प्रोटेस्टंटांशी याचा थेट संबंध येतो. १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज स्थापन करणारं कॅनडाचं मिशन प्रेस्बिटेरियन होतं, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतलं. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंटांच्या, श्रद्धेच्या ३९ कलमांतलं २८ वं कलम द्रव्यांतर नाकारतं, मात्र ख्रिस्ताचं शरीर 'स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने' दिलं-घेतलं जातं असंही म्हणतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्यात आल्या. एकाच बाकावर तीन मतं बसू शकतात, ती यामुळे. व्यवहारातला फरकही दिसतो. अँग्लिकन वळणाच्या ठिकाणी एकच प्याला फिरतो आणि जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे प्रार्थनेने पवित्र केलेली भाकर उरली तर तिथेच आदराने खाऊन संपवतात. प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट वळणात पावाचे चौकोनी तुकडे आणि न आंबवलेल्या द्राक्षरसाचे छोटे पेले असतात. भोजन संपल्यावर उरलेला पाव साधा पाव असतो.

बाप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या "माझ्या स्मरणार्थ हे करा" या शब्दांवर भर देतात. साल्व्हेशन आर्मी ही प्रोटेस्टंट संघटना हा विधीच करत नाही. ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमपासून वेगळ्या असलेल्या पूर्वेकडच्या प्राचीन मंडळ्या, बदल खरा मानतात, पण तो कसा होतो हे सांगण्याच्या भरीला पडत नाहीत. उज्जैनचा धर्मप्रांत सिरो-मलबार आहे, म्हणजे पूर्व-सिरियाक परंपरेतला कॅथलिक. याच परंपरेतली अद्दई आणि मारी यांची प्राचीन प्रार्थना पाहावी : तिच्या मूळ रूपात "हे माझे शरीर आहे" हे वाक्यच सलग येत नाही. याच परंपरेतल्या, पण रोमच्या अधीन नसलेल्या असिरियन मंडळीत ती आजही तशीच म्हणतात, आणि २००१ मध्ये रोमने ती वैध मानली. सारा वाद ज्या वाक्यावर, त्या वाक्याशिवायही हा संस्कार होऊ शकतो, हे दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी मनावर घ्यावं असं आम्हाला वाटतं.

आता ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला जाणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे प्रसाद नाकारणं अशिष्ट समजतात. इथे उलट आहे. मिस्सामध्ये रांग लागली की बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवर बसून राहावं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. चुकून रांगेत गेलातच आणि होस्ट हातात आला, तर तो खिशात ठेवू नका, घरी नेऊ नका. तिथेच फादरांना परत द्या.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं लग्न असेल तर ते सहसा मिस्साविना लावतात, नाहीतर वधूवरांपैकी एकालाच भाकर मिळते आणि दुसरा शेजारी नुसता उभा राहतो. १९७१ मध्ये अँग्लिकन आणि कॅथलिकांच्या आयोगाने विंडसरमध्ये या विषयावर भरीव सहमती नोंदवली, १९७३ मध्ये लूथरन आणि कॅल्विनपंथीयांनी युरोपात एकमेकांना भोजनाला मोकळं केलं. कॅथलिक कायद्याचं ८४४ वं कलम मात्र अजून सावध आहे. ऑर्थोडॉक्स व्यक्तीने स्वतःहून मागितलं आणि तिची तयारी असली तर देता येतं. प्रोटेस्टंट व्यक्तीला मरणाच्या दारात किंवा बिशपांनी ठरवलेल्या तशाच निकडीत देता येतं, तेही तिला स्वतःचा पाळक मिळत नसेल, तिने आपणहून मागितलं असेल आणि या संस्काराबद्दल कॅथलिकांसारखीच श्रद्धा बोलून दाखवली असेल तर.

नमस्कार.