तुरटपणाचा माग

वाइनविषयी कुतूहल असलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती शब्दांची. बाटलीवरच्या मजकुरात बेरीपासून देवदारापर्यंत दहा सुगंध सांगितलेले असतात, आणि त्यांतला एकही आपल्या नाकाला सापडला नाही की हा विषय आपला नव्हे, असे तो मनोमन ठरवून टाकतो. माझे म्हणणे असे, की ती यादी त्याने काही महिने बाजूला ठेवावी आणि आपल्या भाषेतल्या सहा रसांपासून सुरुवात करावी. त्यांतला तुरट हा रस या प्रांतातला खरा वाटाड्या आहे.

लाल वाइनचा छोटा घोट घ्या, तो तोंडभर फिरवा आणि मग जीभ हिरड्यांवरून सावकाश नेऊन पाहा. लाळेचा बुळबुळीतपणा गेलेला असतो, जीभ खरखरते, ओठ दातांना चिकटू पाहतात. द्राक्षाच्या साली-बियांतले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते म्हणून असे होते. काटेकोरपणे पाहिले तर ही चव नसून स्पर्श आहे. नवशिके त्याला सर्रास कडू म्हणतात. आता शेजारी पांढऱ्या वाइनचा पेला ठेवा. तिच्यात हा खरखरीतपणा जवळजवळ नसतो, कारण तिचा रस आंबवण्यापूर्वीच सालींपासून वेगळा केलेला असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही फिकाच असतो, आणि म्हणूनच पिनो न्वारसारख्या काळ्या द्राक्षापासून फिक्या रंगाची शॅम्पेन करता येते. रंग आणि तुरटपणा, दोन्ही सालीचे देणे.

हाच माग पुढे व्हिस्की-रमपर्यंत नेता येतो. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, पण त्याचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांवर गेले की बहुतेक यीस्टचा जोर संपतो; त्यापुढे जायचे तर मद्य गाळावे लागते, म्हणजे तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करावी लागते. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना, त्यामुळे वाफेत अल्कोहोलचे प्रमाण वाढते, काही सुगंधी द्रव्येही तिच्याबरोबर निघतात. साखर, टॅनिन आणि रंग मात्र भांड्यातच राहतात. उसाच्या मळीपासून केलेली रमसुद्धा गाळल्या क्षणी गोड नसते, पाण्यासारखी नितळ असते. मग व्हिस्कीच्या घोटाअखेर जाणवणारा हलका तुरटपणा येतो कुठून? तो ओकच्या पिंपातून येतो. स्कॉचला किमान ३ वर्षे आणि कोन्यॅक या फ्रेंच ब्रँडीला किमान २ वर्षे ओकमध्ये काढावी लागतात. अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीला आतून जाळलेले कोरे ओक लागते, आणि तिथे वापरून झालेली पिंपे पुष्कळदा स्कॉटलंडला जातात, जिथे त्यांच्यातला लाकडाचा अर्क आधीच बराच उतरलेला असतो. रंगावरून वय ओळखण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याची मुभा आहे. (तिखट हा रसही इथे निव्वळ उपमा नाही: मिरचीची आग ज्या मज्जातंतूंना जाणवते, तेच अल्कोहोलनेही चेततात.)

डोळा नाकाला कसा फितवतो, याचा दाखला फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनसाठी प्रसिद्ध शहरातला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन आणि गंधहीन रंगाने लाल केलेली तीच वाइन ठेवण्यात आली. रंगवलेल्या पेल्याचे वर्णन त्यांनी लाल वाइनसाठीच्या शब्दांत केले. हा किस्सा बहुधा जाणकारांची टिंगल करायला सांगितला जातो. मला तो वेगळा वाटतो. तिथे भर सुगंधाच्या शब्दांवर होता. 'हिरड्यांना काय जाणवले?' असे कोणी विचारले असते तर किती जण फसले असते, याचे मला अजूनही कुतूहल आहे.

घरी हे करून पाहायचे तर पेले दोनच असावेत आणि त्यांच्यात फरक एकच: तेच द्राक्ष पण एकात ओक आणि दुसऱ्यात नाही, किंवा तीच व्हिस्की पण एकीत चमचाभर पाणी. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण तिसऱ्या पेल्यानंतर जीभ शिकत नाही. पेले दुसऱ्या कोणाला भरायला सांगावे, डोळे मिटावेत, आणि कोणता पेला कोणता हे विचारण्याआधी तुरटपणा किती, कुठे आणि किती वेळ टिकला, हे वहीत लिहून ठेवावे.