मुंबईची पहिली विजेची ट्राम: १९०७ची एकमजली गाडी

मुंबईत ट्राम आली ९ मे १८७४ला, आणि ती ओढायला घोडे. या फोटोत दिसतायत ना, अगदी तसेच. स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीकडे असे नऊशे घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत भाडं तीन आणे, आणि तिकीट असं द्यायचेच नाहीत!

मग ७ मे १९०७, संध्याकाळी साडेपाच. म्युनिसिपालिटीच्या ऑफिससमोरून ही एकमजली गाडी क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली, आज चालत जेमतेम दहा मिनिटं लागतात तेवढंच अंतर, पण समोर घोडा नाही.

आता तिच्या टपावर बघा. तो लांब दांडा दिसतोय, त्याच्या टोकाला एक छोटं चाक असतं, स्प्रिंग ते चाक रस्त्यावर टांगलेल्या विजेच्या तारेला खालून दाबून धरते, करंट दांड्यातून खाली येतो, ड्रायव्हरच्या कंट्रोलरमधून मोटरींना मिळतो आणि चाकांतून रुळात उतरून परत पॉवर हाऊसला जातो. म्हणजे रूळ नुसते गाडी चालायला नव्हते, अर्धं सर्किट तेच होते. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकायचा, कंट्रोलरचा दांडा एकेक खाच पुढे सरकवत, कारण थांबलेल्या मोटरला एकदम सगळा करंट दिला तर ती जळायची. पायाखाली घंटा. हा आवाज ज्यांनी ऐकलाय ते अजून सांगतात.

१९२०च्या सप्टेंबरात डबलडेकर ट्राम आली, आणि लोक कौतुक करतात ते तिचंच. मला विचाराल तर शहराला सवय लावली ती या एकमजली गाडीने. दादर टीटी आपण रोज म्हणतो, त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नव्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं.

बस आल्या, मोटारी वाढल्या, ३१ मार्च १९६४ला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

आणि हे फ्लोरा फाउंटनजवळचं. कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी रस्ता खणला तेव्हा खालून हे रूळ निघाले. उखडून न नेता तसेच डांबराखाली राहिलेले. कॅमेरा जवळ गेलाय तिथे नीट बघा, रुळाच्या मधोमध चाकाची कड बसायची ती खाच, आत माती भरलीय, पण सरळ आहे.