मायबाप सरकार आणि आम्ही भारताचे लोक

नमस्कार मंडळी. राम राम, जय भीम, जय गुरुदेव, ज्याच्या घरी जे चालते ते त्यानं घ्यावं. रेडिओवर बोलायची ही माझी पहिलीच वेळ, समोर माणसं दिसत नाहीत, एक माईक आहे आणि काचेच्या पलीकडं एक मॅडम बसल्यात त्या हातानं सावकाश सावकाश म्हणून राहिल्या, त्यामुळं काही इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

मी कापूस-तूरवाला माणूस. पण अक्षर बरं आहे म्हणून गावातले लोक अर्ज लिवायले माझ्याकडं येतात. बोंडअळीच्या नुकसानभरपाईचा अर्ज, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचा अर्ज, विजेची डीपी जळली त्याचा अर्ज. पंधरा-वीस वर्षं झाली असतील. आणि दर दुसरा माणूस मला हेच सांगतो, 'भाऊ, मायबाप सरकार हा शब्द टाकजा बरं, साहेबाले बरं वाटते.' मी टाकत होतो. खाली 'आपला आज्ञाधारक', त्याखाली अंगठा, झालं काम.

मग एका जूनमध्ये पोरीच्या पुस्तकांना खाकी कव्हर घालत बसलो होतो. पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते, आपण सगळ्यांनी पाहिली आहे आणि कोणीच वाचलेली नाही, म्हणजे मी तरी नव्हती. त्या दिवशी वाचली. पहिला शब्दच 'आम्ही'. आम्ही, भारताचे लोक. आणि खाली शेवटी काय, तर हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत. म्हणजे देणारे आपणच आणि घेणारेही आपणच, मधात कोणी मायबाप नाही. हातात डिंक तसाच राहिला माझ्या.

आता पोरं विचारतात की १५ ऑगस्टलेबी झेंडा आणि २६ जानेवारीलेबी झेंडा, दोन्ही दिवशी जिलेबी, तर फरक काय. आपण सांगतो, एक स्वातंत्र्य दिन एक प्रजासत्ताक दिन, आणि सटकतो. खरा फरक असा आहे की १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले पण कागदावर राजा राहिलाच होता, इंग्लंडचा सहावा जॉर्ज, आणि त्याच्या नावानं इथं गव्हर्नर जनरल होते, आधी माउंटबॅटन मग राजगोपालाचारी. २६ जानेवारी १९५० ला ते खातं बंद झालं. राजेंद्रबाबू राष्ट्रपती झाले, आणि राष्ट्रपती म्हणजे निवडून आलेला माणूस, कोणाच्या पोटी जन्मला म्हणून खुर्चीवर बसलेला नाही. गणराज्य म्हणजे एवढंच, पण हे 'एवढंच' किती मोठं आहे ते आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण आजही आमदाराच्या पोराला 'छोटे साहेब' म्हणतो आणि त्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स एसटी स्टँडवर आपणच बांधतो.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे घटना मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी, घटना समितीत त्यांचं मोठं भाषण झालं. त्यात ते म्हणाले की धर्मात भक्ती ठीक आहे, राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. आणि दुसरी गोष्ट, की राजकारणात एका माणसाला एक मत आणि त्या मताला सारखीच किंमत असं होईल, पण गावात घरात व्यवहारात विषमता तशीच राहील, तर हा विरोधाभास आपण किती दिवस चालवणार. आपल्याकडं त्यांचे फोटो घरोघरी आहेत, चौकाचौकात पुतळे आहेत, भाषण मात्र फार थोड्यांनी वाचलं, मीही उशिराच वाचलं.

अजून एक मजेची गोष्ट. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण एका दमात म्हणतो. पण नेहरूंनी डिसेंबर १९४६ मध्ये जो उद्दिष्टांचा ठराव मांडला होता त्यात बंधुता नव्हतीच. ती बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं नंतर घातली. मला वाटते ज्यानं पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर काय होते ते भोगलं त्यालाच कळलं असेल की नुसती समता कायद्यात लिहून भागत नाही. आपल्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात दलितांना जाऊ द्या म्हणून १९२७ साली सत्याग्रह सुरू झाला, त्यात पुढं होते पापळचे पंजाबराव देशमुख, शेतकऱ्याच्या घरातला माणूस, आणि तेच पुढं घटना समितीत बसले. वऱ्हाडातला माणूस तिथं होता राजेहो, हे पोरांना सांगत जा.

बरं, हे सगळं दिल्लीतलं. गावात गणराज्य कुठं दिसते? तर ग्रामसभेत. निदान दिसायला पाहिजे. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, ती १९९३ पासून लागू झाली, तिनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली. आपल्या राज्याच्या कायद्यानं वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्यायच्या, कोरमला, म्हणजे सभा भरायला किमान, १५ टक्के मतदार किंवा १०० जण हजर पाहिजेत, जे कमी असेल ते. नाही जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. त्या अटच नाहीमध्ये सगळी गंमत आहे. झेंडा झाला, पोरांच्या कवायती झाल्या, जिलेबी वाटली, माणसं घरी, आणि दुसऱ्या तारखेला दहा-बारा जणांत गावाचं वर्षभराचं ठरते. रजिस्टर मग घरोघरी फिरते सह्या घेत. मीही केली आहे अशी सही, गोठ्यात उभं राहून, शेणाच्या हातानं, ठराव न वाचता.

याच विदर्भात गडचिरोलीत धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा आहे. तिथले गोंड लोक म्हणाले, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं होतो, लागू द्या किती वेळ लागायचा तो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा पासही मिळवला. मायबाप म्हणून नाही मिळवला. कायदा वाचायला अभ्यासगट करून बसले आणि मागत राहिले.

आमच्या गावात असं काही नाही. पण दोन-तीन वर्षांआधीची २६ जानेवारीची सभा मला विसरत नाही. घरकुलाची यादी वाचणं चाललं होतं, मालगाडीसारखं, नाव कुठं सुरू झालं कुठं संपलं कळत नव्हतं. बाया दाराजवळ. त्यातली एक बाई, मजुरीवाली, विधवा, कमरेला कापूस वेचायचं फडकं तसंच बांधलेलं, कारण वेचणीला २६ जानेवारीची सुट्टी नसते, ती उठली आणि म्हणाली, 'यादी हळू वाच ना बापा, मायं नाव हाय का नाही मले आयकू दे.'

लोक हसले. पण यादी पुन्हा वाचावी लागली, सावकाश, आणि तिचं नाव नव्हतं. मग 'काहून नाही' हे तिनं विचारलं, मग दुसरीनं विचारलं, मग पुरुषांनाही तोंड फुटलं, आणि जी सभा वीस मिनिटांत उरकत होती ती दुपारचे तीन वाजेपर्यंत चालली.

तेव्हा मला पहिल्या निवडणुकीची गोष्ट आठवली. १९५१-५२ ला २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, जमीन नाही शिक्षण नाही तरी मत, आधी असं नव्हतं. पण मतदारयादी करताना लाखो बायांनी आपलं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको तमक्याची माय एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढावी लागली. त्यातली बरीच उत्तरेकडच्या राज्यांतली आणि मध्य प्रदेशातली, आणि तेव्हा आपला विदर्भही मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर. त्या २८ लाखांनंतर इतक्या वर्षांनी ही बाई उभी राहून म्हणत होती, मायं नाव आयकू दे.

तिचं घरकुल नंतर झालं, अर्ज-फेऱ्या करून करून, स्लॅबचा शेवटचा हप्ता अजून अडकला आहे. त्यासाठी परवा आली होती माझ्याकडं अर्ज लिवायले. 'आधी पूर्ण नाव लिहा,' म्हणाली, 'सही मी करतो, अंगठा नको.' मी सवयीनं विचारलं, 'वर मायबाप सरकार लिहू का?'

म्हणे, 'कायले? माये मायबाप तं कवाचेच मेले.'