स्टिकर निघेल, रंग राहिला पाहिजे

(दृश्य : परळ. गल्लीच्या तोंडाशी रेडियमचं दुकान. मधल्या स्टँडवर लावलेली जुनी आरएक्स 100.)

गिरणगावात चालताना दुचाक्या वाचत जाता येतात. मडगार्डवर 'आई एकवीरा प्रसन्न', टाकीवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', साइड पॅनलवर मंडळाचं नाव. असं रेडियम कापून लावून देणारं दुकान मुंबईत कुठल्याही नाक्यावर सापडेल. लावलेलं रेडियम रंगाला धक्का न लावता उतरवून देणारा माणूस मात्र विचारत विचारत शोधावा लागतो. या दुकानातले काका त्यांतलेच.

समोरची गाडी यामाहा आरएक्स 100. भारतात ही गाडी 1985 ते 1996 या काळात बनली. हिच्या टाकीवर कंपनीचे मूळ पट्टे आहेत आणि त्यांच्यावर आधीच्या मालकाने चिकटवलेल्या लाल-पिवळ्या ज्वाळा. नव्या मालकाला ज्वाळा नकोत. तो कॉलेजातला मुलगा आहे आणि खिशातून ब्लेड काढूनच आलाय.

"काका, हे कडेने खरवडलं तर पटकन निघेल ना?"

"ब्लेड आत ठेव. चरा पडला की टाकी रंगवावीच लागेल. मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

(दृश्य : काकांचं बोट. नख पट्ट्याच्या कडेवरून सावकाश फिरतंय.)

काका आधी नख फिरवतात. ज्वाळांच्या कडेला नख अडतं, म्हणजे तो स्टिकर रंगाच्या वर आहे आणि निघेल. काही गाड्यांवर नख अडतच नाही. तिथे कंपनीने पट्टा लावून वरून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. असा पट्टा सोलून निघत नाही. पॉलिश पेपरने घासून टाकी नव्याने रंगवावी लागते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती न करता हात घालणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या टाक्यांची वाट लावली आहे.

नंतर लोहचुंबक. टाकी पोलादी, तिथे तो चिकटतो. साइड पॅनल बहुतेक गाड्यांवर एबीएस प्लास्टिकचं, तिथे तो घसरतो. हा फरक पुढे प्रत्येक पायरीला लागतो. एबीएस साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि हीट गनच्या तोंडातून 500 अंशांच्या वरची हवा येऊ शकते. एकाच जागी गन धरली की पॅनलला पोक येतो, तो पुन्हा सरळ होत नाही.

टाकीच्या बाबतीत तर गन दूरच ठेवलेली बरी. पेट्रोल संपलेली टाकी निर्धोक वाटते, पण आत पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि पेट घेते ती वाफच. म्हणून इथे टाकी गाडीवरून उतरवली जाते, झाकण घट्ट लावलं जातं आणि ऊब द्यायला वापरतात गरम पाणी. जुनं सुती फडकं कढत पाण्यात बुडवायचं, पिळायचं, स्टिकरवर अंथरायचं. निवलं की पुन्हा. एप्रिल-मे असेल तर मुंबईचं ऊनच पुष्कळ होतं. स्टिकर बोटाला चांगला गरम लागला, पण हात ठेवता आला, इतपत ऊब पुरते.

ऊब कशाला? रेडियमचा हा कागद म्हणजे पीव्हीसी. तो लवचिक राहावा म्हणून त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते निघून जातं, कागद आकसतो, कडक होतो, त्याला भेगा पडतात. स्वस्तातला, रुळांखाली दाबून काढलेला कागद जास्त आकसतो; पातळ ओतून बनवलेला महाग कागद वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. गरम केल्यावर कडक कागद थोडा वेळ पुन्हा वाकायला लागतो आणि खालचा गमही सैल पडतो. थंड स्टिकर ओढला तर त्याच्या टिकल्या टिकल्या निघतात आणि मग दिवसभर नखांनी त्या उचलत बसावं लागतं.

(दृश्य : अगदी जवळून. ज्वाळेचं टोक उचललं जातंय. खाली गमाचे बारीक तंतू ताणले जातात आणि एकेक करून तुटतात.)

एटीएमच्या जुन्या कार्डाने टोक उचललं. आता बघा, काका वर ओढत नाहीत. निघालेला भाग मागे दुमडून, टाकीला लागून, तिरका ओढतात. हात इतका सावकाश चालतो की थांबलाय असं वाटावं. झटका दिला तर गम खाली राहतो आणि कागद तेवढा हातात येतो. कुठे आधी केलेलं कच्चं टचिंग, म्हणजे तेवढ्याच जागेपुरता मारलेला रंग, असेल तर रंगही सोबत निघतो. कारखान्यातून आलेल्या रंगाच्या वरचं पारदर्शक लॅकर बहुधा 40 ते 50 मायक्रॉनचं, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचं. सगळी चमक त्यातच असते. घाई नको ती त्याच्यासाठी.

मडगार्डवर एकवीरा आईचा स्टिकर आहे. तोही काढायचाय, पण काका तो खरवडत नाहीत. पुन्हा पुन्हा ऊब देऊन तो अखंड उतरवतात, कागदावर चिकटवतात आणि मुलाच्या हातात देतात. "घरी ने. कचऱ्यात टाकू नकोस." मुलगा तो कपाळाला लावून बॅगेत ठेवतो. या कामाची ही रीत मला फार मोलाची वाटते.

कागद निघाला तरी चिकटा उरतो. इथे लोक थिनर घेतात आणि तिथेच फसतात. थिनर चिकट्यासोबत रंगालाही मऊ करतो, आणि नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तर एबीएस चक्क विरघळवतं. आधी खोबरेल तेल लावून पाऊण तास सोडावं. चिकटा तेल पिऊन फुगतो आणि अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होतात. हट्टी चिकट्याला रॉकेल किंवा टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन, तेही आधी कुठेतरी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून बघून. मग शाम्पूच्या पाण्याने धुवायचं, कारण तेलाचा ओशटपणा राहिला तर पुढचं पॉलिश धरत नाही. पेट्रोलने पुसायची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ती सोडाच, बंद गाळ्यात त्याची वाफ साचते.

(दृश्य : धुतलेली टाकी उन्हात. रंगावर ज्वाळांचा गडद ठसा.)

ज्वाळा गेल्या, तरी ज्वाळा दिसतायत! स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलं नाही, भोवतालचा रंग मात्र विटला. लाल रंगावर हा फरक जास्त उठून दिसतो. रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासायच्या बारीक लेपाने, भोवतालचा विटलेला पातळ थर उतरवला की ठसा फिका होतो. पूर्ण जाईलच असं नाही. दाबून घासत राहिलं तर लॅकरच संपेल, आणि लॅकर संपलं की रंग उघडा पडतो. काका हाताने, थोडं थोडं करतात आणि ठसा किंचित राहिला असताना थांबतात. तो थांबा मला पटतो.

एका कडेला खपली आहे. जुन्या चऱ्यावरच स्टिकर लावला होता, पावसाचं पाणी कडेतून आत शिरलं आणि पोलादाला गंज चढला. मुंबईत चार महिने पाऊस, त्यात खारी हवा. स्टिकरखाली अडकलेलं पाणी लवकर सुकत नाही. इथे गंज घासून प्रायमर आणि टचिंग लागणारच.

आता खालचे मूळ पट्टे. ते तडकलेत, एका बाजूने अर्धे गेलेत. मुलगा म्हणतो तेही काढा. काका पट्ट्याला हात लावण्याआधी त्यावर बटर पेपर पसरतात, पेन्सिलने कडा उतरवून घेतात, टाकीच्या शिवणीपासूनचं अंतर पट्टीने मोजून त्यावर लिहितात आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायला लावतात. बंद झालेल्या गाड्यांचे पट्टे बाजारात मिळतात, पण रुंदी, वळण, रंग यांत कुठेतरी चुकलेले असतात. होंडाशी फारकत झाल्यावर 2011 साली हीरोचं नाव बदललं, त्यामुळे जुन्या स्प्लेंडरवरचं 'हीरो होंडा' हे अक्षरही आता असंच जपावं लागतं. माप हातात असेल तर प्लॉटरवर, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनवर, हवा तसा पट्टा कापता येतो. माप न घेता सोललेला पट्टा कायमचा गेला.

संध्याकाळी टाकी जागेवर चढते. नळी बसवून पेट्रोल गळत नाही ना, हे आधी बघितलं जातं. मुलगा विचारतो, टाकी काळी करून घेऊ का? काका सांगतात, रंग बदलायचा तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घे. आणि टचिंगच्या जागेवर पट्टे आत्ताच लावायचे नाहीत. ताज्या रंगातून थिनर उडत राहतो, वरून कागद लावला की खाली फुगे येतात.

"मग कधी आणू, काका?"

"पुढच्या महिन्यात आण. तोवर उन्हात लावत जा, आणि पॉलिश मारू नकोस."