माग एकट्याचा, ताणा सावडीचा

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे ‘विणकर मंडळ कसे चालवावे’. तिथे मी येणार आहे. पण नाशकात उभं राहून विणकरांच्या संघटनेबद्दल बोलायचं आणि पांडवलेण्यांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. तेव्हा आधी तिथे जाऊ.

दहाव्या क्रमांकाचं लेणं तुम्ही पाहिलं असेल, शाळेच्या सहलीत तरी नक्की. त्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा, म्हणजे इथल्या तेव्हाच्या शक राजाचा, जावई. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेणं भिक्षुसंघाला दिलं, आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव दिली, असं त्यात कोरलं आहे. ठेव ठेवली कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. लेखातला शब्द ‘कोलिकनिकाय’. इथे मासे धरणारे कोळी डोळ्यांपुढे आणू नका. संस्कृतातला कौलिक म्हणजे विणकर.

आता हिशेब करा. २००० कार्षापण एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. महिन्याचे झाले २०, वर्षाचे २४०. त्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक नाणं इकडचं तिकडे नाही. उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने, म्हणजे वर्षाला ९०. ते भिक्खूंच्या इतर खर्चाला. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं, तेही लिहिलं आहे.

म्हणजे या गोवर्धनात एक सोडून दोन विणकर श्रेणी होत्या. आणि राजाचा जावई त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवतोय. माणूस मरतो, माग मोडतो, दुष्काळ पडतो; तरी व्याज येत राहील असा भरवसा त्याला कशावर होता? लोक सांगतात, श्रेणी श्रीमंत होत्या. असतील. पण मला वाटतं कारण त्याहून खालच्या पायरीवर आहे. लेखात ते लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे, आणि आज तो तुमच्यापुढे मांडायला आलो आहे. विणकर एकमेकांना सोडूच शकत नाहीत. मागावर माणूस एकटा बसतो, हे खरं. पण मागावर चढायचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, एकट्याने होत नाही. श्रेणी तिथे तयार होते. पैसा, नियम, फलक हे सगळं नंतरचं.

(एक जोड फक्त. मंदसोरच्या शिलालेखात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, आलेल्या रेशीम विणकरांची श्रेणी आहे. त्यांनी मालव संवत ४९३ मध्ये सूर्यमंदिर बांधलं आणि ५२९ मध्ये दुरुस्त केलं. त्यांच्यातले काही धनुर्विद्येकडे वळले, काही ज्योतिषाकडे, तरी ३६ वर्षांनी दुरुस्तीला श्रेणी उभी होतीच. असो.)

ताणा किती मोठा असतो, ते आकड्यांत पाहू. साधी सुती साडी घ्या, रुंदी ४८ इंच, ७२ ची फणी (धागे ज्यातून ओवतात तो कंगवा). इंचाला ७२ धागे, म्हणजे ४८ इंचांत ३,४५६ धागे. एका ताण्यावर ८ साड्या काढायच्या तर आटणं आणि टाकाऊ धरून लांबी घ्यायची ५४ मीटर. गुणाकार करा: सुमारे १८७ किलोमीटर सूत. नाशकाहून निघालेला धागा मुंबई ओलांडून पुढे जाईल. वजन मात्र किती? सूत ८० नंबरचं असेल तर १ किलो ३८० ग्रॅमच्या आसपास. बाजारच्या पिशवीत मावेल.

नंबर म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, कारण सगळी खरेदी त्यावर चालते. ८४० यार्डांची एक लड. अशा जितक्या लडी १ पौंडात बसतील तो सुताचा नंबर. ८० नंबरच्या १० पौंडी बंडलात ८०० लडी येतात. आपल्या ताण्याला लागतात २४३. म्हणजे एका बंडलात तीन ताणे होऊन ७१ लडी उरतात. एकट्या विणकराने एका रंगाचं बंडल घेतलं तर तीन महिने तोच रंग विणा, नाहीतर सूत घरात पडून. तिघांनी मिळून घेतलं तर प्रश्नच मिटला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता पांजणी, म्हणजे ताण्याला खळ लावणं. माझ्या मते सगळ्या हातमागाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सावकाश बोलतो.

एकेरी सुताच्या धाग्याला लव असते. मागावर प्रत्येक आडव्या धाग्यागणिक फणी पुढेमागे होते, उभे धागे वरखाली होतात. लव मोकळी राहिली तर शेजारचे धागे एकमेकांत गुंततात, आणि आडवा धागा नेणारा धोटा जायच्या वेळी तुटतात. म्हणून ताण्याला खळ लावून लव बसवायची. खळ तांदळाची, ज्वारीची किंवा गव्हाच्या पिठाची. प्रमाण सुताच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाचं: आपल्या ताण्याला १४० ग्रॅम पीठ, पाणी २ लिटरच्या आसपास, आणि चमचाभर गोडं किंवा खोबरेल तेल. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतत ढवळायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळी झालीच. तशी एक गुठळी दहा धागे एकत्र चिकटवते. शिजलेली खळ फडक्यातून गाळून घ्यायची. बोट बुडवून वर धरलं तर थेंब तुटून पडावा; तार निघाली तर खळ जाड आहे.

ताणा गल्लीत ताणायचा, पूर्ण ५४ मीटर. दोन टोकांना खुंट, मध्ये चार-पाच मीटरवर बांबूच्या कैच्या. धाग्यांच्या मध्ये फुलीच्या काड्या असतात. एक धागा काडीच्या वर, पुढचा खाली, दुसऱ्या काडीवर नेमकं उलट. त्यामुळे ३,४५६ धाग्यांपैकी प्रत्येकाला आपला नंबर राहतो. त्या काड्या निसटल्या तर ताणा गेला असं समजा. सूत शाबूत असतं, पण कोणता धागा कोणाच्या शेजारी होता हे कुणालाच सांगता येत नाही.

मग दोघं जण ताण्याच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर, हातात कुंचा, एका पावलाने चालतात. कुंचा एकाच दिशेने फिरवायचा. परतीच्या फेरीत उलटा हात मारला तर बसवलेली लव पुन्हा उभी राहते आणि सगळं वाया जातं. तिसरा खळ घेऊन मागे. दोन माणसं तुटलेले धागे सांधायला. पांजणीत तुटलेला धागा तिथेच सांधावा, मागावर जाऊन तो शोधायला दसपट वेळ लागतो. आणि दोन्ही टोकांना एकेक, ओढ सांभाळायला. वरची बाजू झाली की ताणा उलटवून खालची बाजू. खळ सुकता सुकता काड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायच्या, म्हणजे चिकटलेले धागे सुटे होतात. पूर्ण सुकल्यावर सरकवल्या तर तुटतात; फार ओल्यात सरकवल्या तर पुन्हा चिकटतात. ती वेळ घड्याळावर नाही, तळहातावर कळते: धागा गार लागतो, पण हाताला ओल येत नाही.

बिघडतं काय काय? खळ जाड झाली की धागा काडीसारखा कडक होतो, फणीत खळ झडून मागाखाली पांढरी भुकटी पडते. पातळ झाली की दुसऱ्या दिवशीच लव वर येते. ऊन कडक असलं तर धागा ठिसूळ होतो. आभाळ असलं तर तो दमट राहतो आणि बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळल्यावर बुरशी धरतो. म्हणून काम पहाटे, वारा सुटायच्या आत. आणि पावसाळ्यात गल्लीतली पांजणी बंदच.

मोजा आता माणसं. दोन, एक, दोन, दोन. सात. एका ताण्याला सात माणसं, दोन-अडीच तास. पैसे देऊन सात माणसं कुठला विणकर आणणार? म्हणून सावड. शेतात जशी सावड असते, आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या, तशीच. तुझ्या ताण्याला मी कुंचा धरला, माझ्या ताण्याला तू धर.

घोंगडीवाल्या सनगरांतही हेच आहे, फक्त खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवायचे. लोकरीची लव सुतापेक्षा दांडगी, तिला पिठाची खळ पुरत नाही. येवल्याच्या पैठणीत पीळदार रेशमाला अशी पांजणी लागत नाही, पण सांधणी तिथेही आहे. सांधणी म्हणजे जुना ताणा संपला की त्याच्या टोकांना नव्याची टोकं एकेक करून पिळून जोडायची, बोटांना राख लावून. आपल्या सुती ताण्याला ३,४५६ सांधे. एका सांध्याला ८ सेकंद धरा. किती वेळ? कुणी सांगा. ...तिकडून ‘तीन तास’ आलं. पावणेआठ तास होतात, पाणी प्यायला न उठता. शेजारी दुसरं माणूस बसलं तर निम्मे. हे काम घरोघर बायका करतात. विणकर म्हणून नाव पुरुषाचं लागतं आणि साडी उभी राहते ती या सांध्यांवर. मजुरी मात्र साडीमागे ठरते. सांधणी तिच्या पोटात गेली असं धरलं जातं. हे मला मान्य नाही.

आणि आता जे मनात सलतं ते बोलतो. विणकराला मदत म्हटलं की सगळ्यांना माग आठवतो. माग द्या, मागाला शेड द्या, शेडला दिवा द्या. चांगलंच आहे, हवंच आहे. पण ५४ मीटरचा ताणा ताणायला सरळ ६० मीटर जागा लागते, ती कोण देणार? पूर्वी विणकरांची आळी सरळ आणि मोकळी असायची, ती उगाच नाही. तिचा रस्ता हाच त्यांचा कारखाना होता. आता त्या आळीत पायऱ्या पुढे आल्या, मोटारसायकली लागल्या, मध्ये गटाराचं झाकण वर आलं. खुंट रोवायला माती राहिली नाही. पहाटे ताणा लावला की पाणी भरणारा टँकर येतो आणि म्हणतो, उचला. ओला ताणा उचलता येत नाही! उचलला तर धागे एकमेकांवर बसतात आणि तसेच सुकतात. मग विणकर काय करतो? ताणा लहान करतो, ८ साड्यांचा ४ साड्यांचा. सांधणी मात्र तेवढीच, ३,४५६. म्हणजे प्रत्येक साडीमागे सांधणीचं काम दुप्पट झालं. नाहीतर तयार बीम विकत आणतो आणि सावड सुटते. सावड सुटली की माणसं एकमेकांच्या दारात जायची थांबतात, आणि मंडळ उरतं ते वार्षिक सभेच्या सह्यांपुरतं. आपल्याकडे कितीतरी सोसायट्या भागभांडवल असून बसल्या आहेत, कारण त्यांच्या सभासदांना एकत्र करायचं असं कामच राहिलेलं नाही. एक सरळ पट्टा, ६० मीटर लांब, ४ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब. ग्रामपंचायतीने ठरवलं तर गायरानाच्या कडेला होऊ शकतो. यापेक्षा स्वस्त योजना मला माहीत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. तर मंडळ कसं चालवावं, भराभर सांगतो.

पहिलं, जागा, ती सांगितली. दुसरं, ताण्याचा ड्रम, म्हणजे ताणा गुंडाळून घ्यायचं मोठं पिंप, सामाईक घ्या. १४४ बॉबिनांचा क्रील, म्हणजे बॉबिना लावायची चौकट, असेल तर आपला ताणा २४ पट्ट्यांत होतो, प्रत्येक पट्टा २ इंचांचा. दोघांना एक दिवस. आणि तो ताणा विणायला विणकराला महिना. म्हणजे एका घरात ड्रम महिन्यातले २९ दिवस उगाच उभा. वीस-पंचवीस मागांना एक पुरतो. ड्रमसाठी खळ लडीलाच द्यावी लागते, ती कुंच्याच्या खळीइतकी बसत नाही, पण पावसाळ्यात तोच आधार. पट्टा संपला की धागे मोजा. एक बॉबिन तुटून १४३ राहिले आणि लक्षात आलं नाही, तर आठही साड्यांत ती फट दिसते. दोन पट्ट्यांच्या कडा समपातळीत बसल्या नाहीत तर तिथले धागे शेवटपर्यंत ढिले राहतात.

तिसरं, सूत आणि रंग. बंडलाचं गणित मघाशी केलं. तिघातिघांचे गट करा. रंगवताना ताण्याबाण्याचं सगळं सूत एकाच घाणीत, म्हणजे एकाच खेपेत, रंगवा, वर पाच टक्के जादा. नंतर कमी पडलं म्हणून दुसरी घाणी काढली की साडीत पट्टा उमटतो, कितीही मापून रंग घातला तरी. लडीचे बंध सैल ठेवा, नाहीतर बंधाखाली पांढरा डाग राहतो. सूत रात्रभर भिजवून, उकळून, त्यातलं मेण काढल्याशिवाय रंगात घालू नका. आणि थंड रंगात, म्हणजे गार पाण्यात चढणाऱ्या रंगात, सोडा शेवटी. आधी पडला तर रंग जागच्या जागी धरतो आणि लड ठिपक्याठिपक्यांची होते.

चौथं, वही. पैशांची ठेवाच, पण सावडीची वेगळी. कुणी कुणाच्या ताण्याला किती तास दिले, तारखेसह. सांधणीचे तासही त्यातच, ज्या बाईने केली तिच्या नावाने. महिनाअखेर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. उषवदाताच्या ठेवीचा करार निगमसभेत ऐकवला होता, तुमचा फळ्यावर लिहा. ज्याचे तास देणे राहिले त्याला ड्रमची पाळी शेवटी. दंड लावू नका. पैसे भरून मोकळा झालेला माणूस पुढच्या पांजणीला येत नाही.

वेळ संपला. बाहेर अंगणात १० मीटरचा छोटा ताणा लावला आहे, खालची बाजू अजून व्हायची आहे. ऊन चढतंय आणि पातेल्यातली खळ घट्ट होत चालली आहे. कुंचे दोन आहेत. चला.