शेपटीतला पहारेकरी

लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या अगदी मागच्या टोकाला एक काचेचा कप्पा असे. तिथे एक माणूस बसायचा, शेपटीतला गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा. विमान जर्मनीकडे निघालेलं आणि याची पाठ जर्मनीकडे. सोबतीला चार ब्राउनिंग मशीनगन आणि कानात इंटरकॉमची खरखर. बर्लिनची फेरी म्हणजे सात-आठ तास असंच बसायचं.

हा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेक करणाऱ्या शाखेचा, साधा सार्जंट. कालपरवापर्यंत कुठे कारकून, कुठे दुकानात नोकर. विमानात चढणारा प्रत्येकजण स्वखुशीनं आलेला, सक्ती कुणावरच नव्हती. पण एकदा आल्यावर ‘आता मी जाणार नाही’ म्हणणाऱ्याच्या कागदावर ‘मनोधैर्याचा अभाव’ असा शेरा पडे. महिनोन् महिने मृत्यूच्या तोंडात जाऊन आलेल्या पोरांना हा शेरा मारणं मला आजही क्रूर वाटतं.

सोबती मात्र ज्यानं त्यानं स्वतः निवडायचे. प्रशिक्षण तळावर वैमानिक, नॅव्हिगेटर (मार्ग ठरवणारे), गनर सगळ्यांना एका हँगरमध्ये जमवून सांगत, आपापली माणसं शोधा. ‘तुम्हाला गनर हवाय का?’ एवढ्या एका प्रश्नावर जन्माची गाठ पडायची.

वर थंडी उणे चाळीसपर्यंत. सूटमध्ये विजेच्या तारा असत, एखादी तार तुटली की बोटं हिमदंशानं गेलीच. तरीही कितीतरी गनर समोरची काच मुद्दाम काढून टाकत. काचेवरचा एक डागसुद्धा अंधारात शत्रूचं विमान वाटायचा. पॅराशूट कप्प्यात मावत नसे, ते मागे विमानाच्या धडात टांगलेलं. विमान पेटलं तर आधी फिरता कप्पा सरळ करायचा, दार उघडायचं, पॅराशूट ओढून छातीला अडकवायचं आणि मग बाहेर.

त्याचं खरं काम गोळ्या झाडण्याचं नव्हतंच. जर्मन विमानाच्या तोफा त्याच्या मशीनगनपेक्षा लांबून मारा करत. त्याची ताकद डोळ्यांत होती. सावली दिसली की ओरडायचं, ‘कॉर्कस्क्रू, डावीकडे!’ त्याच क्षणी वैमानिक ते अवजड विमान गिरक्या घेत खाली घाले. १९४३पासून मात्र जर्मन विमानं बॉम्बरच्या पोटाखालून येऊन वरच्या दिशेनं रोखलेल्या तोफा डागू लागली, आणि नेमकं खालचंच याला दिसत नसे.

तीस फेऱ्या पूर्ण केल्या की सुटका, निदान काही महिन्यांची. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गकडे ७९५ विमानं झेपावली, त्यातली ९५ परत आली नाहीत. संपूर्ण युद्धात बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले.

आणि खाली? जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्ग पेटलं, हजारो नागरिक होरपळून मेले. परतीच्या वाटेवर इतर बहुतेकांची तोंडं घराकडे असत. जळणारं शहर सगळ्यात जास्त वेळ दिसे ते शेपटीतल्या या पोराला. कितीतरी मैल मागे पडलं तरी ती लाली क्षितिजावर असायची, आणि त्याला नजर हटवायची मुभा नव्हती, कारण पाठलाग करणारं विमान त्याच उजेडातून यायचं. त्याच्या शौर्याबद्दल बोलताना ही आग वगळणं मला प्रामाणिक वाटत नाही.

युद्धानंतर या लोकांसाठी वेगळं मोहीम-पदक निघालं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक २०१२चं. पदकाच्या फितीवर लावायची बॉम्बर कमांडची छोटी पट्टी मंजूर झाली ती २०१३मध्ये. तोवर बहुतेकजण गेले होते. त्यांच्या वारसांना ती अर्ज करून मागता येते.