बारा चित्रं आणि एक झेरॉक्स

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर 2005 ला डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ दैनिकात प्रेषित मुहम्मदांवरची व्यंगचित्रं छापून आली. किती? बारा. आकडा लक्षात ठेवा, बारा. एका चित्रात तर प्रेषित नाहीतच. मोहम्मद नावाचा एक शाळकरी मुलगा फळ्यापाशी उभा आहे, आणि फळ्यावर फारसीत लिहिलंय, या दैनिकाचे पत्रकार म्हणजे चिथावणीखोर प्रतिगाम्यांची टोळी. चित्रकारानं टोला हाणला तो चित्र मागवणाऱ्या दैनिकालाच!

डेन्मार्कमधल्या मुस्लिमांना वेदना झाल्या, त्या खऱ्या होत्या. अकरा देशांच्या राजदूतांनी डेन्मार्कच्या पंतप्रधानांची भेट मागितली, ती मिळाली नाही. ही मोठी चूक झाली. भेटायला काय हरकत होती? मग डिसेंबरात तिथले काही इमाम कागदपत्रांची फाइल घेऊन इजिप्त आणि लेबनॉनला गेले. फाइलमध्ये ती बारा चित्रं होतीच, पण आणखी तीनही होती. दैनिकात कधीही न छापलेली.

त्या तिनांतलं एक नीट डोळ्यांपुढे आणा. धुरकट, काळीपांढरी झेरॉक्स. दाढीवाला माणूस, नाकावर डुकराचं प्लॅस्टिकचं मुसकट, डोक्यावर डुकराचे कान. सोबतच्या ओळीचा अर्थ, हेच प्रेषितांचं खरं रूप. कुणाचंही रक्त खवळेल. पण तो फोटो होता दक्षिण फ्रान्समधल्या त्री-स्यूर-बाईझ गावचा. तिथे डुकरासारखं ओरडायची स्पर्धा भरायची. ऑगस्ट 2005 मध्ये वृत्तसंस्थेनं त्यातल्या एका स्पर्धकाचा फोटो काढला. धर्माशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. फाइलवाल्यांचं म्हणणं, हा कागद आम्हाला कुणीतरी द्वेषानं पाठवला होता. पण झेरॉक्स होता होता गाव गेलं, स्पर्धा गेली, उरलं मुसकट आणि खालची ओळ. पुन्हा सांगते, दैनिकात बारा, फाइलमध्ये बारा अधिक तीन.

म्हणून आपल्या संपादकांना विनंती, चित्राखालची ओळ मोठ्या टंकात छापा. आणि पहिल्या पानावरचं चौकटीतलं व्यंगचित्र काढून तिथे जाहिरात टाकू नका हो!

आता कायदा, थोडक्यात. 2006 मध्ये डॅनिश अभियोक्त्यांनी, म्हणजे सरकारी वकिलांनी, दैनिकावर खटला भरला नाही. पण त्यांनी दैनिकालाही सुनावलं, की धार्मिकांनी उपहास सहन केलाच पाहिजे, हे तुमचं म्हणणं कायद्याला धरून नाही. आपल्याकडचं धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं, भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 295-अ आता भारतीय न्याय संहितेत 299 झालंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात कळीचा शब्द हेतू. हेतू जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं ते याच अटीच्या आधारावर. नकळत किंवा बेफिकिरीनं झालेला अवमान त्यात बसत नाही, असं तिथेच म्हटलंय. पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, अटकही करू शकतात. न्यायालयानं दखल घ्यायची तर मात्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि ती येईपर्यंत चित्रकाराच्या कोर्टाच्या खेपा सुरू झालेल्या असतात.

नमस्कार.